रोजकीर्द आहे, खतावणी कुठे?

मध्यम उद्योगांच्या अडचणींची चर्चा निघाली की भांडवल, वीज, कुशल मनुष्यबळ आणि बाजारपेठ या चार गोष्टींभोवती ती फिरत राहते. पाचवी गोष्ट सहसा चर्चेत येत नाही. ती म्हणजे उद्योगाची स्वतःची स्मृती. कोल्हापूरजवळच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या, भोसरी-चाकण परिसरातील सुट्या भागांचे कारखाने, नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यातील कार्यशाळा येथे दररोज शेकडो नोंदी होतात. बीजके, चलने, हजेरी, वजनकाट्याच्या पावत्या, तपासणीचे अहवाल यांचा कोठेही दुष्काळ नाही. तरीही ‘आपण बनवत असलेल्या दीडशे पार्टांपैकी नफा कोणत्या पार्टवर होतो आणि तोटा कोणत्या?’ असा सरळ प्रश्न विचारला, तर उत्तर पुष्कळदा अंदाजानेच दिले जाते.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांना हा भेद उत्तम ठाऊक होता. व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहायची ती रोजकीर्द आणि तेच व्यवहार खात्यानुसार लावायचे ती खतावणी. रोजकीर्द कितीही काटेकोर असली तरी केवळ तिच्यावरून धंदा कोणत्या दिशेने चालला आहे, हे कळत नाही. ते खतावणीवरून कळते. संगणक आल्यावर रोजकीर्द वेगवान झाली. टॅलीसारख्या भारतीय प्रणालीने पैशाची खतावणीही मध्यम व्यापाऱ्याच्या आवाक्यात आणली. परंतु पैसा हा धंद्याचा एक पैलू झाला. माल, वेळ, यंत्र, वीज आणि वाया गेलेले नग यांची खतावणी मात्र अजून मांडली गेलेली नाही. ‘डेटा वेअरहाऊस’ म्हणजे, सोप्या शब्दांत, ही संपूर्ण धंद्याची खतावणी होय.

ही संकल्पना नवी नाही. आयबीएममधील बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ साली एका लेखातून तिचा आराखडा मांडला. पुढे बिल इनमन यांनी अशा माहिती-कोठाराची चार लक्षणे सांगितली. माहिती विषयवार लावलेली असावी, वेगवेगळ्या विभागांतून येऊनही ती एकजीव असावी, प्रत्येक नोंदीला काळाची खूण असावी, आणि एकदा कोठारात गेलेली नोंद नंतर बदलली जाऊ नये. नीट पाहिले तर ही चारही लक्षणे कोणत्याही चांगल्या दप्तराचीच आहेत.

एका फौंड्रीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक वितळणीला, म्हणजे हीटला, क्रमांक असतो. त्या हीटच्या धातूचे रासायनिक प्रमाण प्रयोगशाळेतील स्पेक्ट्रोमीटर नोंदवतो. वाळूची तपासणी दुसऱ्या वहीत असते. साचे कोणत्या पाळीत भरले, हे पर्यवेक्षकाच्या कागदावर असते. माल ग्राहकाकडे जातो, तेथे त्यावर यंत्रकाम होते, आणि आतली पोकळी तेव्हा उघडी पडते. नग परत येतो तो कधी दोन, कधी तीन आठवड्यांनी. तोवर त्या हीटचे कागद फाईलच्या तळाशी गेलेले असतात. परतीची नोंद विक्री विभागाच्या एक्सेलमध्ये राहते आणि कारणाचा माग प्रयोगशाळेच्या वहीत राहतो. दोन्ही नोंदी खऱ्या, पण त्यांची गाठ पडत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात तोच दोष पुन्हा उद्भवतो. हीट क्रमांकाच्या धाग्याने या नोंदी एका जागी ओवल्या, तर ‘ठरावीक पाळीत, वाळूतील ओलावा वाढलेला असताना, या पार्टचे रिजेक्शन वाढते काय?’ हा प्रश्न काही मिनिटांत तपासता येईल.

यावर ‘आमच्याकडे ईआरपी आहे, मग आणखी वेगळे कोठार कशाला?’ असा आक्षेप येतो. तो विचारात घेण्याजोगा आहे. ईआरपीचे काम आजचा व्यवहार पार पाडणे हे आहे. आज या पार्टचा दर काय, ग्राहकाचा पत्ता कोणता, साठा किती, हे ती सांगते. दर बदलला की पुष्कळ ठिकाणी जुन्या दरावर नवा दर लिहिला जातो आणि जुना विस्मरणात जातो. शिवाय प्रयोगशाळा, वीजमीटर आणि हजेरीयंत्र यांच्या नोंदी बहुधा तिच्याबाहेरच राहतात. कोठारात मात्र रोज रात्री सर्व ठिकाणच्या नोंदी उचलून, स्वच्छ करून, तारखेसह जमा होतात. तीन वर्षांपूर्वी दर काय होता आणि त्या वेळी कच्च्या मालाचा भाव काय होता, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.

यात पणाला काय लागले आहे, हे समजून घेतले पाहिजे. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखानदारावर मोठे ग्राहक दरवर्षी किंमत कमी करण्याचा आग्रह धरतात. त्या बैठकीत ग्राहकाकडे तक्त्यांची चळत असते आणि आपल्या उद्योजकाकडे केवळ सचोटी आणि अंदाज. अशा वेळी तो सरसकट दोन टक्के सूट मान्य करून परततो. ज्या पार्टवर आधीच तोटा होत होता, त्यावरही सूट दिली जाते. वर्षअखेरीस ताळेबंदात नफा घटलेला दिसतो, परंतु गळती कोठे झाली ते दिसत नाही. अशी चार-पाच वर्षे गेली की एक पाळी बंद होते, आणि तिच्याबरोबर पन्नास-साठ कुटुंबांची मिळकतही. पार्टनिहाय खर्च हाताशी असेल, तर तोच उद्योजक ‘या पाच पार्टांवर सूट देतो, या तिघांचे दर मात्र वाढवून हवेत’, असे ठामपणे म्हणू शकतो.

दुसरीकडे, शासनाला आपण माहिती किती शिस्तीने देतो, ते पाहा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना व्यापारी व्यवहारांसाठी ई-बीजक अनिवार्य झाले. कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कायद्याच्या रेट्याने का होईना, मध्यम उद्योगाच्या विक्रीच्या नोंदी आज पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत. हे अर्धे काम झालेलेच आहे. तीच माहिती कर भरण्यापुरती वापरून बाजूला टाकायची, की तिच्यापासून स्वतःही काही शिकायचे, एवढाच प्रश्न उरतो.

‘हे मोठ्यांचे खेळ, आम्हांला परवडणार नाहीत’, हा समज एकेकाळी बरोबर होता. आज तो बरोबर राहिलेला नाही. साधा हिशेब करू. समजा, कारखान्यात दिवसाला ३०० नोंदी होतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, तर दहा वर्षांत नऊ लाख नोंदी होतील. प्रत्येक नोंदीला एक किलोबाइट जागा दिली, तरी सारे मिळून एक गिगाबाइटही भरत नाही. असे दहा विभाग धरले, तरी ही माहिती एखाद्या साध्या मोबाईलमध्ये मावेल. एवढ्यासाठी महागडे यंत्र नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधनातून उगम पावलेली पोस्टग्रेस्क्यूएल ही प्रणाली विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहे. ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेतून २०१९ साली बाहेर आलेली डकडीबी साध्या संगणकावरही मोठी विश्लेषणे करते. ईआरपीनेक्स्ट ही मुक्तस्रोत ईआरपी तर मुंबईच्या कंपनीने घडवलेली आहे. बिगक्वेरी, रेडशिफ्ट, स्नोफ्लेक या मेघसेवा समर्थ आहेत, परंतु तेथे वापरानुसार देयक वाढते. गरज पडली तरच, आणि मासिक खर्चाची मर्यादा बांधूनच, त्या वाटेला जावे.

तात्पर्य, खरी अडचण पैशाची नाही. ती शब्दांच्या अर्थाची आहे. एकच पार्ट विक्री विभागात ग्राहकाच्या क्रमांकाने, उत्पादनात पॅटर्नच्या क्रमांकाने आणि भांडारात वजनाने ओळखला जातो. ‘या महिन्याची विक्री’ म्हणजे मिळालेली मागणी, पाठवलेला माल की फाडलेले बीजक, यावर तीन विभागांची तीन मते असतात. जगातील कोणतेही सॉफ्टवेअर हा वाद सोडवू शकत नाही. तो मालकाने सर्वांना एका टेबलाशी बसवून मिटवायचा असतो. म्हणून हे काम ‘संगणकवाल्या मुलावर’ सोपवून मोकळे होणे हा घातक मार्ग आहे.

आरंभ लहान असावा. राल्फ किंबॉल यांनी १९९६ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवलेला, एकेक व्यवहार-प्रक्रिया घेऊन कोठार वाढवत नेण्याचा मार्ग मध्यम उद्योगाला मानवणारा आहे. प्रथम एकच प्रश्न निवडावा. रिजेक्शनचा घ्या, अथवा थकीत येण्याचा घ्या. त्या प्रश्नापुरती पार्टांची आणि ग्राहकांची एकच अधिकृत यादी करावी. मागील दोन वर्षांच्या नोंदी स्वच्छ करून भराव्यात. आठवड्यातून एकदा त्या तक्त्यासमोर मालक, पर्यवेक्षक आणि लेखापाल यांनी बसावे. तीन महिन्यांत एखादा निर्णय त्यावरून झाला, तरच दुसरा प्रश्न हाती घ्यावा.

पुण्याच्या पेशवे दप्तराचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. ते रुमाल वर्षानुवर्षे बांधलेलेच होते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, तेव्हा त्या साठ्याची वाट अभ्यासकांना मोकळी झाली. कागद तेच होते. निवड, वर्गवारी आणि तारखा लावण्याच्या परिश्रमांनी त्यांना वाचा फुटली.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. कोठार कोणाच्याही मदतीने उभारा, पण त्याची मालकी आपल्याकडेच ठेवा. करार संपल्यावर सर्व माहिती खुल्या स्वरूपात, विनाशुल्क परत मिळेल, हे आधीच लिहून घ्यावे. तिची एक प्रत कारखान्याबाहेर सुरक्षित असावी. कोणी काय पाहावे, याची मर्यादा ठरलेली असावी, कारण त्यात कामगारांची व्यक्तिगत माहितीही असते आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिच्या जपणुकीची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे.

‘तीस वर्षांचा अनुभव असलेल्या फोरमनला हे तक्ते काय शिकवणार?’ असेही विचारले जाते. त्याच्या अनुभवाचे मोल कमी नाहीच. ज्वालेच्या रंगावरून तापमान ओळखणारी नजर कोणत्याही कोठारात साठवता येत नाही. परंतु तो माणूस निवृत्त होणार आहे, आणि त्याने पाहिलेल्या हजारो हीटचे निष्कर्ष लिहिलेले नसतील, तर ते त्याच्याबरोबरच जातील. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा गवगवा आहे आणि तिचे विक्रेते कारखान्यांच्या दारांत उभे आहेत. ज्याची नोंद विस्कळीत आहे, त्याला ते यंत्र चुकीचे उत्तरही मोठ्या आत्मविश्वासाने देईल. आधी दप्तर नीट लावावे, मग यंत्राला प्रश्न विचारावेत.

१ एप्रिल २०२५ पासून मध्यम उद्योगाची व्याख्या रुंदावली आहे. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक १२५ कोटींपर्यंत आणि उलाढाल ५०० कोटींपर्यंत असलेले उद्योग आता तीत मोडतात. एवढ्या पसाऱ्याचा कारभार एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालू शकत नाही. वडिलांनी उभारलेला कारखाना चालवणाऱ्या नव्या पिढीने यंत्रांबरोबरच ही खतावणीही वारशात जमा करावी. त्यासाठी मोठ्या खरेदीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सोमवारी तिन्ही विभागांच्या पार्टांच्या याद्या एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. त्या जुळत नसतील, तर काम कोठून सुरू करायचे, याचे उत्तर तेथेच मिळेल.