चित्रकारही ग्रंथकर्ताच

साहित्यकृतीचे सारे श्रेय आपण लेखकाला देतो आणि तिच्यातील चित्रांना सजावट मानतो. ही समजूत अपुरी आहे, असे मला वाटते. ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार जॉन टेनिएल (१८२०–१९१४) याचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

लुइस कॅरलच्या ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ (१८६५) या पुस्तकासाठी टेनिएलने ४२ चित्रे काढली. डॅल्झिएल बंधूंनी ती लाकडी ठशांवर कोरली. चित्रांची छपाई टेनिएलला पसंत पडली नाही, तेव्हा कॅरलने छापलेल्या २,००० प्रती मागे घेऊन पुस्तक नव्याने छापवून घेतले. पुढे ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’च्या वेळी, केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचा प्रसंग रंजक नाही व त्यावर चित्र सुचत नाही, असे टेनिएलने कळवले. कॅरलने तो प्रसंग गाळला.

चित्र वाचकाच्या कल्पनेला बांधून टाकते, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु चहापानाच्या प्रकरणातील चित्रात हॅटरच्या हॅटवर किमतीची चिठ्ठी दिसते. मजकुरात तिचा उल्लेख नाही. आपल्याजवळच्या हॅट विकण्यासाठी आहेत, हे हॅटर पुढे खटल्याच्या प्रसंगी सांगतो. म्हणजे चित्रकाराने संहितेचे सूक्ष्म वाचन केले होते.

म्हणून सचित्र ग्रंथ अभ्यासताना चित्रे ओलांडून पुढे जाऊ नये. तीही संहितेइतक्याच काळजीने वाचावीत.