पंगतीत कोण, बैठकीत कोण

खासगी लिबरल आर्ट्‌स विद्यापीठाची माहितीपुस्तिका उघडली की पहिल्या काही पानांतच ‘कम्युनिटी’ हा शब्द भेटतो. शेजारी हिरवळीवर बसलेली पाच-सहा मुलं, एकाच्या मांडीवर गिटार. जरा पुढे नालंदा, तक्षशिला, गुरुकुल वगैरे वारसा. या शब्दाबद्दल आणि या वारशाबद्दल माझी तक्रार आहे. मी जबलपूरची मराठी बाई, त्यामुळे नालंदेपर्यंत जायची मला गरज नाही. भेडाघाट पुरेसं आहे.

भेडाघाटला लोक धुवांधार आणि संगमरवराचे कडे बघायला येतात, नावाड्याची तुकबंदी ऐकून हसतात आणि परततात. इथे शिक्षणाची वसाहत होती हे फारसं कुणी सांगत नाही. कलचुरी राजा गयाकर्णाची विधवा राणी अल्हणदेवी हिने कलचुरी संवत ९०७ मध्ये, म्हणजे इ.स. ११५५ मध्ये, इथे शिवमंदिर बांधलं. सोबत मठ, व्याख्यानशाळा आणि बागांची रांग. खर्चासाठी दोन गावं लावून दिली. हे सगळं ज्या शिलालेखात आहे तो फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन पंडिताने उजेडात आणला आणि अमेरिकन ओरिएंटल सोसायटीला देऊन टाकला. दगड गेला न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या गावी. हॉलसाहेब तेव्हा सागर-नर्मदा प्रदेशात शिक्षणखात्याचे तपासनीस होते, हेही नोंदवून ठेवते.

वरच्या चौसष्ट योगिनींच्या गोल देवळाला इथले लोक गोलकी मठ म्हणतात. डाहल देशातला प्रसिद्ध गोलकी मठ तो हाच की दुसरीकडचा, यावर विद्वानांत वाद आहे. त्यात मी पडत नाही. पण त्या मठाची शाखा आंध्रात गेली आणि तिथल्या मलकापुरमच्या १२६१ च्या स्तंभलेखात संस्थेचा जमाखर्चच कोरलेला आहे. विश्वेश्वर शंभू या आचार्याने काकतीय राणी रुद्रमादेवीकडून मिळालेल्या गावांच्या उत्पन्नाचे तीन भाग केले. एक देवळाला, एक विद्यार्थी आणि मठाला, आणि तिसरा प्रसूतिशाळा, आरोग्यशाळा व अन्नछत्राला. तीन वेदांचे शिक्षक, व्याकरण-तर्क-साहित्य वगैरेंचे पाच, एक वैद्य, एक हिशेबनीस. स्वयंपाकी आणि रखवालदारसुद्धा लेखात आहेत. आणि अन्नछत्रात ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत कुणीही, कधीही आलं तरी जेवण.

हा सुवर्णकाळ होता असं मी म्हणत नाही. ती गावं शेतकऱ्यांच्या घामावर चालत होती आणि चांडाळाला पंगतीत भात मिळाला तरी वेदाच्या वर्गात कुणी बसवत नव्हतं. पण वारसा सांगायचाच असेल तर पूर्ण सांगा. त्या संस्थेने बाळंतिणीचा आणि वाटसरूच्या जेवणाचा खर्च शिक्षणाच्या खर्चाशेजारी, त्याच दगडावर लिहिला होता.

मागे एका अशाच विद्यापीठात मला ‘बहुभाषिकता’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. नाव सांगत नाही. परिसंवाद अर्थातच इंग्रजीत. आम्ही चौघं वक्ते मिळून जेवढ्या भाषा बोलत होतो, त्याहून जास्त भाषा मेसमध्ये वाढणाऱ्या बायका आपापसांत बोलत होत्या. सभागृहात त्यांच्यापैकी एकही नव्हती. मला घेऊन आलेल्या ड्रायव्हरला फाटकाच्या आत जेवायला परवानगी नव्हती. बारावीतल्या मुलाला इथे घालायचं तर काय करावं लागतं, असं त्याने परतताना विचारलं. फी ऐकल्यावर त्याने गाडीतला रेडिओ लावला.

शिष्यवृत्त्या आहेत, हे उत्तर मला माहीत आहे. आहेत, आणि काही ठिकाणी चांगल्या आहेत. अभ्यासक्रमही चांगला असतो. अठराव्या वर्षी गणित आणि कविता एकत्र शिकायला मिळावी याच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण शिष्यवृत्तीने वर्गात जागा मिळते. मी विचारते आहे ते एकत्र राहण्याबद्दल. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सर्व जातींची मुलं एका छताखाली राहत होती, एका पंगतीत जेवत होती. कोठारात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. तीही खासगीच संस्था होती. ‘खासगी’ म्हणजे ‘सरकारी नव्हे’ एवढाच अर्थ तेव्हा होता, ‘मालकीची’ असा नव्हता.

मालकीचा प्रश्न जेवणाहून अवघड आहे. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. तिथे आजीव सदस्य वीस वर्षं, महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवण्याची शपथ घेत आणि संस्था तेच चालवत. टिळक-आगरकर कडाडून भांडले, टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. भांडण वाईट होतं, पण शिकवणाऱ्यांचं स्वतःच्या घरातलं होतं. आता सोनिपतचं अशोका विद्यापीठ पाहा. मार्च २०२१ मध्ये प्रताप भानु मेहता यांनी राजीनामा दिला. आपला संबंध विद्यापीठाला राजकीय ओझं वाटतो हे संस्थापकांच्या भेटीत स्पष्ट झालं, असं त्यांनी पत्रात लिहिलं. अरविंद सुब्रमणियन गेले. २०२३ मध्ये लोकसभा निवडणुकीवरच्या शोधनिबंधानंतर सब्यसाची दास गेले, त्यांच्या पाठिंब्यासाठी पुलाप्रे बालकृष्णन गेले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, प्राध्यापकांनी पत्रं लिहिली. म्हणजे समुदाय होता! खरा, शूर समुदाय होता. फक्त निर्णय त्याच्या हातात नव्हता.

आणि आपण? या अंकाचे वाचक, लेखक, अनुवादक, आपण या कॅम्पसवरच्या साहित्य महोत्सवांना जातो, मानधन घेतो, हिरवळीवर फोटो काढतो. मराठीला तिथे वक्त्याची खुर्ची मिळते, वर्गाची नाही, याचंही आपल्याला काही वाटेनासं झालं आहे. पुढचं निमंत्रण येईल तेव्हा होकार कळवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात, अशी माझी सूचना आहे. नियामक मंडळावर शिक्षकांनी निवडून दिलेले किती जण आहेत? मेस, बाग आणि फाटकावरची माणसं कुणाच्या पगारपत्रकावर आहेत, विद्यापीठाच्या की ठेकेदाराच्या? आणि मला आणणारा माणूस कुठे जेवेल?