उशिरा उतरणारे प्रथिन

लखनौच्या आलमबागेत रेल्वेचे डबे दुरुस्त करण्याचा कारखाना आहे. गाडी उशिरा पोहोचली तर दोष डब्याचा, रुळाचा की सिग्नलचा, याची चौकशी होते. आगमनाची नोंद कोणी खोडून टाकीत नाही. प्रयोगशाळेत मात्र पुष्कळदा अपेक्षेबाहेरचा आकडाच वहीतून गाळला जातो. ही रीत शास्त्रास घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथिने वेगळी करण्याच्या एका पद्धतीचे उदाहरण घेऊ. स्वीडनमधील पोराथ व फ्लोडिन यांनी १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. उभ्या नळीत सच्छिद्र जेलच्या कणांचा स्तंभ रचून त्यावर प्रथिनांचे द्रावण सोडतात. मोठे रेणू छिद्रांत शिरू शकत नाहीत, म्हणून ते प्रथम खाली उतरतात. लहान रेणू छिद्रांतून रेंगाळत मागाहून येतात. त्यामुळे उतरण्याच्या क्रमावरून रेणुभार अजमावण्याची प्रथा पडली.

परंतु स्तंभ रेणूचे वजन करीत नाही. तो त्याचा पसारा जोखतो. रक्त गोठविणाऱ्या फायब्रिनोजेनचा रेणुभार सुमारे ३,४०,००० आहे, तर थायरोग्लोब्युलिनचा सुमारे ६,६०,०००. तरीही लांबट बांध्याचे फायब्रिनोजेनच आधी उतरते. उलटपक्षी, अंड्याच्या पांढऱ्या बलकातील लायसोझाइम हे धनभारित प्रथिन, द्रावणात क्षार फार कमी असल्यास, जेलला चिकटून उशिरा येते.

म्हणून तपास क्रमाने व्हावा. प्रथम ज्ञात प्रथिने त्याच द्रावणातून, त्याच वेगाने सोडून पाहावीत. तीही चुकीच्या वेळी उतरली, तर स्तंभ दबला आहे काय, त्यात हवा शिरली आहे काय, प्रवाह मंदावला आहे काय, हे पाहावे. ती बरोबर उतरली, तर कारण आपल्या प्रथिनातच शोधावे. क्षार वाढविल्यावर उशीर नाहीसा झाला, तर ते चिकटत होते. द्रावण विरळ केल्यावर ते मागे सरले, तर त्याचे रेणू जोडीने किंवा समूहाने वावरत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा मुख्य नियम होय.

अशा चौकशीचे फळ केवढे असते पाहा. आपल्या अबईच्या जातकुळीतील जॅक बीन या शेंगेत कॉन्कॅनव्हॅलिन-ए नावाचे प्रथिन असते. ग्लुकोजच्या साखळ्यांपासून बनविलेल्या जेलमध्ये ते अडकून बसते. हा दोष न मानता अगरवाल व गोल्डस्टाइन यांनी १९६५ मध्ये त्या बंधनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्लुकोजचे द्रावण सोडताच ते प्रथिन सुटते. म्हणजे अडथळा वाटला, तीच शुद्धीकरणाची युक्ती ठरली!

आमच्या शाळा-महाविद्यालयांत ‘बरोबर उत्तरा’स गुण मिळतात आणि म्हणून विद्यार्थी आकडे जुळवावयास शिकतो. त्याऐवजी, अनपेक्षित आकडा जसाच्या तसा नोंदवून त्याचे कारण शोधणाऱ्यास अधिक गुण का देऊ नयेत? ज्या औषधाच्या शुद्धतेवर रोग्याचे प्राण अवलंबून असतात, ते उद्या याच विद्यार्थ्यांच्या हातून तपासले जाणार आहे. जुळविलेला आकडा तेथे कोणाचेही रक्षण करू शकणार नाही.