‘मिसेस’ म्हणजे पत्नी नव्हे: एका उपाधीचा विसरलेला अर्थ (थ्रेड)

१/ मराठी बोलण्यात ‘आमच्या मिसेस’ म्हणजे पत्नी, हे समीकरण पक्के झाले आहे. इंग्रजीतही आज ‘मिसेस’ म्हणजे विवाहित स्त्री. पण हा अर्थ बराच अलीकडचा आहे. मूळची ‘मिसेस’ ही नवऱ्यामुळे नव्हे, स्वतःच्या अधिकारामुळे ‘मिसेस’ होती.

२/ ‘मिसेस’ हे ‘मिस्ट्रेस’चे संक्षिप्त रूप. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’ म्हणजे प्रमुख, गुरू. ‘मास्टर’ आणि ‘मिस्टर’ही त्याच कुळातले. मास्टर म्हणजे धनी, तर मिस्ट्रेस म्हणजे धनीण: जिच्या हाताखाली नोकर वा शिकाऊ उमेदवार आहेत अशी स्त्री.

३/ सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ सालचा. त्यात ‘मिस्ट्रेस’चे अर्थ सापडतात ते असे: सत्ता चालवणारी, एखाद्या विद्येत निपुण असलेली, शिक्षिका, प्रेयसी, रखेल. ‘विवाहित स्त्री’ हा अर्थ मात्र तिथे नाही.

४/ व्यवहारही तसाच होता. एपिक्टेटसचे ग्रीकमधून इंग्रजी भाषांतर करणारी (१७५८) विदुषी एलिझाबेथ कार्टर आजन्म अविवाहित राहिली. तरी समाज तिला ‘मिसेस कार्टर’ म्हणूनच ओळखत असे. मोठ्या वाड्यांतील मुख्य स्वयंपाकीण आणि कारभारीणही, लग्न झालेले नसले तरी, ‘मिसेस’च.

५/ मग बदल कसा झाला? ‘मिस’ हेही ‘मिस्ट्रेस’चेच रूप, पण ते लहान मुलींसाठी वापरले जाई. अठराव्या शतकाच्या मध्यापासून उच्चभ्रू घरांतील प्रौढ अविवाहित स्त्रिया ‘मिस’ म्हणवून घेऊ लागल्या. हळूहळू ‘मिसेस’ विवाहितांपुरती उरली.

६/ पुढची पायरी अधिक बोलकी आहे. जेन ऑस्टिनच्या १८११ च्या कादंबरीत ‘मिसेस जॉन डॅशवुड’ भेटते. उपाधी तिची, नाव मात्र संपूर्ण नवऱ्याचे! त्या काळच्या इंग्लिश कायद्यातही विवाहितेचे स्वतंत्र अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन मानले जाई. स्वतंत्र मालमत्तेचा व्यापक हक्क तिला मिळाला तो १८८२ च्या कायद्याने.

७/ अर्थात जुना काळ सुवर्णयुग नव्हता. ‘मिसेस’ हा मान सधन वा अधिकारपदावरील स्त्रियांचा. साध्या घरातील गृहिणीला ‘गुडवाइफ’ म्हणत. जुनी उपाधी स्त्रीचा दर्जा सांगत होती, समता नव्हे.

८/ १९०१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या एका वृत्तपत्राने विवाहाचा उल्लेख टाळणारी ‘मिझ’ ही उपाधी सुचवली. १९७२ मध्ये त्याच नावाचे स्त्रीवादी मासिक सुरू झाले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती स्वीकारली १९८६ मध्ये. तिला ‘आधुनिक खूळ’ म्हणणाऱ्यांनी इतिहास वाचायला हवा. ‘मिझ’ने परंपरा मोडली नाही, ‘मिस्टर’ने जे कधीच गमावले नव्हते, ते स्त्रीला परत दिले.

९/ मराठीतही ‘श्री.’ पुरुषाच्या लग्नाविषयी मौन पाळते, ‘कु.’ आणि ‘सौ.’ मात्र सारे सांगून टाकतात. ‘श्रीमती’चा शब्दार्थ वैभवसंपन्न स्त्री, तरीही अनेकांच्या मनात तो विधवेशी जोडलेला. उपाध्यांचे अर्थ समाज घडवतो. म्हणून ते बदलण्याचा अधिकारही समाजाचाच.

#इतिहास #शब्दांचा_प्रवास