मिसळला तरच कचरा

बाभुळगावात घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करा म्हटलं की चार आक्षेप हमखास ऐकू येतात. कर भरतो, घंटागाडी दारात येते, मग सालं-देठं आम्ही का सांभाळायची? दुसरा, घरात वास सुटतो, अळ्या पडतात. तिसरा, आता दावणीला गुरं नाहीत, शेण आणायचं कुठून? चौथा, एका घराच्या देठांनी खत होणार ते किती? हे बोलणारी माणसं आळशी नाहीत. अनुभवावरून बोलतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आधी घंटागाडीचं बघू. गाडीनं कचरा संपत नाही, तो फक्त आपल्या डोळ्यांआड होतो. ढिगाखाली दबलेलं अन्न हवेविना सडतं आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 28 पट उष्णता धरून ठेवतो, आणि तो पेटही घेतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारचा ढीग पेटला, तेव्हा शहरभर धूर पसरला होता. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करण्याची जबाबदारी घराघरावर टाकली. कारण साधं आहे. वांग्याचं देठ आणि गुटख्याची पुडी एका बादलीत पडली की देठाचं चांगलं खत होत नाही आणि पुडीही वेगळी काढता येत नाही. कर भरल्यानं हे मिसळणं माफ होत नाही.

वासाची तक्रार खरी आहे, पण तो दोष खताचा नाही, ओलीचा आहे. नुसतं ओलं साचलं, हवा कोंडली की घाण सुटते. बुडाला आणि बाजूंना भोकं पाडलेली एक जुनी बादली घ्या. तळाशी तुरीचं कुटार किंवा वाळला पालापाचोळा पसरा. त्यावर दिवसभराची सालं, देठं, चहाचा चोथा टाका आणि वरून पुन्हा कुटाराचा आणि मूठभर मातीचा थर द्या. आठवड्यातून दोनदा काडीनं खालीवर करा. मूठ दाबून पाहा. हाताला ओल लागावी, पाणी गळू नये. गळलं तर कुटार वाढवा. मे महिन्यात उलटं होतं, सगळं कोरडं पडतं. तेव्हा बादली कडुनिंबाच्या सावलीत ठेवून पाणी शिंपडा. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

शेणाच्या आक्षेपाला उत्तर आपल्याच जिल्ह्यानं कधीच दिलं आहे. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे म्हणजे नाडेपकाका. शेण थोडं आणि काडीकचरा भरपूर, या अडचणीतूनच त्यांनी आपली पद्धत बसवली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. त्यात काडीकचरा आणि गाळलेली माती थराथरानं भरायची. शेण लागतं ते अवघं 90 ते 100 किलो, तेही पाण्यात कालवून शिंपडायला. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत निघतं. ही पद्धत देशभर पोचली आणि आपण मात्र पऱ्हाटी वावरातच पेटवून देतो.

एका घराच्या देठांनी एकरभर कापूस पिकणार नाही, हे मान्य. पण घरामागे रोजचा अर्धा किलो ओला कचरा धरला तर शंभर घरांचा वर्षाला 18 टन होतो. कुजून तो निम्म्याहून कमी उरला तरी काही टन खत हाती येतं. म्हणून ज्याच्याकडे सांदवाडी आहे त्यानं बादली ठेवावी, आणि ज्यांच्याकडे जागा नाही अशांसाठी प्रत्येक प्रभागात एक नाडेप टाकं असावं. टाकं भरण्याची पाळी गल्लीनं वाटून घ्यावी आणि खत शेजारच्या वावरात जावं. सेंद्रिय कर्ब घटत चाललेल्या काळ्या जमिनीला त्याची गरज आहे. गाडीत मग फक्त सुका कचरा जाईल आणि तो वेगळा करणाऱ्या हातांना नासलेल्या अन्नात बुडावं लागणार नाही.

आपल्या आज्यांच्या घरी उकिरडा होता, पण कचरा नव्हता, कारण उकिरड्यावर जायचं ते पुढच्या हंगामात शेतात परत यायचं. तेव्हा आज भाजी निवडाल तेव्हा देठं वेगळ्या भांड्यात टाका. तेवढ्यानं सुरुवात होते.