अमेरिकेत रेसिडेन्सी करायची आहे?

एमबीबीएसनंतर अमेरिकेत रेसिडेन्सी करायचं मनात आहे? मग आधी आपलं कॉलेज तपासा. ‘वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स’मध्ये त्याचं नाव हवं आणि तिथे ‘ईसीएफएमजी’ पात्रतेची नोंदही हवी. ईसीएफएमजीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतीय पदवीधराला तिथे रेसिडेन्सी सुरू करता येत नाही.

या प्रमाणपत्रासाठी यूएसएमएलईची स्टेप १, स्टेप २ सीके आणि ओईटी ही इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. २०२२पासून स्टेप १ला गुण नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे स्टेप २च्या गुणांना जास्त वजन आलं आहे. तयारी नसताना घाईने बसू नका. नापास झाल्याची नोंद पुसली जात नाही, आणि कमी गुणांनी पास झालात तर गुण वाढवायला परीक्षा पुन्हा देता येत नाही.

सप्टेंबरमध्ये अर्ज, मग मुलाखती आणि मार्चमध्ये ‘मॅच’चा निकाल. उमेदवार आणि हॉस्पिटल, दोघांच्या पसंतीक्रमावरून संगणक जागा ठरवतो. म्हणून पैसे घेऊन जागेची हमी देणाऱ्या एजंटपासून लांबच राहा. रेसिडेन्सी ही पगारी नोकरी असते, तिला डोनेशन नसतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांशी आजच बोला. जे-१ व्हिसावर गेलात, तर प्रशिक्षणानंतर सूट मिळाल्याशिवाय दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. जाण्याची तयारी करताना परतण्याचा विचारही झालेला बरा.