परवान्याची घाई, भरपाईची दिरंगाई

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२५ च्या राजपत्रात नव्या औषधांविषयीच्या व औषधचाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती सुचविणारा जो मसुदा प्रसिद्ध केला, आणि ज्याची कीर्ती सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सरकारी प्रसिद्धिपत्रकाने दिगंतात पोचविली, तो वाचल्यावर या सरकारला नेमका कोणाचा कळवळा आहे याविषयी कोणाच्याही मनात संदेह उरू नये. मसुद्यानुसार, चाचणीपुरते औषध बनविण्यास तोवर लागणारा परवाना बहुतेक औषधांच्या बाबतीत मोडीत निघणार आणि त्याच्या जागी कंपनीने धाडलेले सूचनापत्र पुरे होणार. ज्या मोजक्या जोखमीच्या औषधांना परवाना लागतच राहील त्यांच्या अर्जांचा निकाल ९० दिवसांऐवजी ४५ दिवसांत लागणार. आणि निरोगी माणसांना औषध देऊन त्यांच्या रक्तातील त्याचे प्रमाण मोजणाऱ्या जैवसमतुल्यता चाचण्यांच्या काही वर्गांना तर पूर्वपरवानगीची गरजच राहणार नाही. परवान्यासाठी येणारे अर्ज यामुळे सुमारे निम्म्याने घटतील, असा खुद्द सरकारचाच हिशेब आहे.

परवान्यांच्या जंजाळात निरुपयोगी कागद पुष्कळ असतात, आणि संशोधकाचे आयुष्य प्रयोगशाळेपेक्षा दिल्लीच्या कचेरीत अधिक जाऊ नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु घाई करावयाची एकदा ठरल्यावर ती दोहों बाजूंनी झाली पाहिजे. ज्याने भांडवल घातले त्याचे दिवस मोलाचे आणि ज्याने देह दिला त्याचे दिवस फुकटचे, असा न्याय ज्या कायद्यात आहे त्या कायद्याला सुधारणा हे नाव शोभत नाही; आणि आमची सारी तक्रार एवढ्या एकाच गोष्टीविषयी आहे.

वाचकांनी मूळ नियमच पाहावेत. भारतातच शोधलेल्या औषधाच्या चाचणीसाठी अर्ज आला आणि औषध महानियंत्रकांच्या कचेरीने ३० कामकाजी दिवसांत त्यावर काहीच कळविले नाही, तर परवानगी मिळाली असे समजून चालावे, अशी या नियमांत तरतूद आहे. आता त्याच नियमांत, चाचणीच्या काळात ज्याचा मृत्यू झाला त्याच्या वारसांसाठी काय लिहिले आहे? तज्ज्ञ समितीला शिफारस करण्यास ६० दिवस, महानियंत्रकांना हुकूम काढण्यास ९० दिवस, आणि हुकूम हाती पडल्यावर कंपनीला पैसे भरण्यास आणखी ३० दिवस. बरे, त्या ९० दिवसांत हुकूम निघालाच नाही तर? भरपाई मंजूर झाली असे समजावे, असे मात्र नियम म्हणत नाही. कचेरी गप्प राहिली की कंपनीच्या पदरात परवाना पडतो. तीच कचेरी विधवेच्या दरखास्तीवर गप्प राहिली तर विधवेच्या पदरात काहीच पडत नाही. हा भेद नजरचुकीने राहिला, असे मानण्याइतके भोळेपण निदान आमच्यात नाही.

नजरचूक नव्हे असे म्हणण्यास आधार आहे. याच नियमांचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१८ मध्ये जाहीर झाला, तेव्हा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाईपैकी ६० टक्के रक्कम १५ दिवसांच्या आत देण्याचे कलम त्यात होते. मार्च २०१९ मध्ये अंतिम नियम आले आणि ते कलम गेले. परवानगीची ३० दिवसांची मुदत मात्र अंतिम नियमांत आहे. एकच समिती, एकच मंत्रालय, एकच दप्तर. त्यातून गळावयाचे ते नेमके गरिबाचे कलम गळते, याला योगायोग म्हणावयाचे असेल तर तसले योगायोग आपल्या प्रजासत्ताकात फारच वारंवार घडतात.

भरपाईचे सूत्रही पाहण्यासारखे आहे. आठ लाखांची मूळ रक्कम घ्यावयाची, तिला वयाच्या गुणकाने गुणावयाचे आणि मग जोखमीच्या गुणकाने. हा दुसरा गुणक धडधाकट माणसासाठी ४ आणि मृत्युशय्येवरील रुग्णासाठी अर्धा. म्हणजे जो सर्वांत असहाय, त्याचा जीव सर्वांत स्वस्त. त्याहून दारुण प्रश्न हा की, मृत्यू चाचणीमुळेच झाला हे ठरवावयाचे कोणी? इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर केंद्र सरकारने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जी आकडेवारी दाखल केली, तीनुसार २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ माणसे मेली, आणि त्यांपैकी अवघे ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असे मानण्यात आले. उरलेले सारे आपापल्या आजाराने मेले, असे आपण समजावयाचे. समजतो, पण ज्या दप्तरांवरून हा निवाडा झाला ती दप्तरे बव्हंशी चाचणी करणाऱ्यांनीच लिहिलेली होती, हे विसरून समजत नाही.

कोणी म्हणेल, परवाना गेला तरी संमतिपत्र आहे, नैतिकता समिती आहे. संमतिपत्राची कथा तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मममध्ये सर्वांनी पाहिली. २००९ साली तेथील मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस प्रकल्प म्हणून टोचली गेली, तेव्हा आदिवासी मुलींच्या कित्येक संमतिपत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनांच्या सह्या होत्या. नंतर झालेले काही मुलींचे मृत्यू लशीमुळे नव्हते, असा निर्वाळा चौकशीने दिला व तो आम्ही नाकारीत नाही. पण पोर आपली असताना सही परक्याची कशी, याचे उत्तर त्या निर्वाळ्यात नाही, आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर जे कडक ताशेरे ओढले त्यांचे पुढे काय झाले ते मंत्रालयच जाणे. आश्रमशाळा आमच्या मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्यातही आहेत, वसतिगृहे आहेत, आणि तेथील कोरकू आदिवासी माय ज्या भाषेत विचार करते ती मराठीची बोली नसून सर्वस्वी निराळ्या कुळातील भाषा आहे. संमती घेतानाचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बजावले होते. दोन वर्षे लोटतात न लोटतात तोच, २०१५ मध्ये, ती सक्ती नव्या रसायनांच्या चाचण्यांतील दुर्बल घटकांपुरती आकसून घेण्यात आली. दुर्बल कोण, हे पुन्हा चाचणी करणाऱ्यानेच ओळखावयाचे!

नैतिकता समित्यांच्या शिक्क्याचे मोल किती, हे जाणण्यासाठी खम्ममपर्यंत जाण्याचेही कारण नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये जगप्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी निरनिराळ्या गटांच्या निरनिराळ्या तपासण्या झाल्या आणि एका गटाची तपासणी केलीच गेली नाही. तुलनेसाठी तो तसाच ठेवण्यात आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४ बाया या रोगाने दगावल्या, न तपासलेल्या गटात ६४. देशात अशी तपासणी कोणालाच मिळत नाही, मग त्यांचे काय हिरावले, हा त्यावरचा बचाव. दारिद्र्य हेच मोजमाप ठरवून त्याच दारिद्र्यावर प्रयोग उभा करण्याचा हा युक्तिवाद कागदोपत्री बिनतोड आहे. अमेरिकेतील कोणा सुखवस्तू उपनगरात तो कोणी करून पाहावा, एवढेच आमचे म्हणणे.

संशोधन नकोच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मेळघाटातील तान्ह्या मुलांना श्वास कोंडून मारणाऱ्या आरएसव्ही विषाणूवर ‘महान’ या संस्थेने कोलोरॅडो विद्यापीठाबरोबर केलेले काम झाले नसते, तर ही पोरे कशाने जातात हे कळलेही नसते. ते काम मोलाचे आहे. पण या विषाणूपासून बालकाचे रक्षण करणारे प्रतिपिंडाचे नवे इंजेक्शन अमेरिकेत २०२३ पासून दिले जाऊ लागले, आणि ज्यांच्या झोपड्यांतून जगाला माहिती मिळाली त्यांच्या उपकेंद्रापर्यंत ते केव्हा यावे, याची मुदत मात्र कोणत्याही नियमात लिहिलेली नाही. येथेही दिवस मोजले जातात ते एकाच बाजूचे.

हीच वृत्ती देशी वैद्यकातही शिरली आहे, हे गुरुकुंज मोझरीतून लिहिताना सांगणे भाग आहे. येथे आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे. तेव्हा आम्ही आयुर्वेदाचे वैरी खचित नव्हे. तरीही आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा औषध नियमांतील १७० क्रमांकाचा नियम १ जुलै २०२४ रोजी सरकारने वगळला, तेव्हा त्याचा आनंद वैद्यांहून कारखानदारांना अधिक झाला. पूर्वपरवानगी काढून टाकणे ही एकच युक्ती सरकारला साधली आहे आणि ती जेथे तेथे वापरली जात आहे.

मसुद्यावर हरकती व सूचना मागविण्यात आल्या होत्या. कंपन्यांच्या हरकती दिल्लीस केव्हाच पोचल्या असतील. आपली मागणीही दिल्लीस गेली पाहिजे, आणि तीत दोनच ओळी असल्या तरी पुरे: ९० दिवसांत हुकूम न निघाल्यास भरपाई मंजूर झाली असे समजावे, आणि २०१८ च्या मसुद्यातील ६० टक्क्यांचे कलम परत आणावे. ऑक्टोबरात राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवासाठी जे खासदार-आमदार मोझरीस येतील, त्यांना हार घालण्यापूर्वी या दोन ओळींवर त्यांचे मत प्रत्येकाने विचारून घ्यावे.